कन्नडच्या तासाला मराठी बोलायचं की नाही?

सीमाभाग_भाषा
भाषा शिकवण्याचं वारं फिरलं तसा एक आग्रह आपल्याकडेही आला: जी भाषा शिकवायची तीच वर्गात बोलायची, मुलाच्या भाषेला दाराबाहेर ठेवायचं. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळांत कन्नड या पद्धतीनं शिकवणं मला साफ चुकीचं वाटतं. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली आणि २०१७-१८ पासून ती टप्प्याटप्प्यानं लागू झाली. म्हणजे मूल पहिली ते दहावी कन्नड शिकणार. एवढ्या वर्षांत मराठीचा आधार न घेणं म्हणजे हातातली शिडी बाजूला ठेवून भिंत चढायला लावणं.

लिपीपासून बघा. मराठी जोडाक्षरात पहिलं अक्षर अर्धं होतं आणि मात्रा दुसऱ्यावर बसते. कन्नडमध्ये पहिलं अक्षर पूर्ण राहतं, दुसरं त्याच्या पायाशी लटकतं आणि मात्रा मात्र वरच्या अक्षराला लागते. ‘रस्ते’ लिहिताना एकार ‘स’ला जोडलेला दिसतो आणि ‘त’ खाली असतो. हे कुणी सांगितलं नाही की मूल ‘रसेत’ वाचतं आणि मार खातं. अनुस्वाराचंही तसंच. आपला टिंब डोक्यावर, त्यांचं शून्य अक्षराच्या शेजारी. फळ्यावर दोन्ही लिप्या शेजारी-शेजारी लिहून दहा शब्द दाखवले तर एका तासात कळणारी गोष्ट आहे ही.

दुसरं म्हणजे ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए. देवनागरीत दोन्हींना एकच मात्रा, म्हणून मराठी कानाला फरक लागत नाही. ऱ्हस्व ‘बेळे’ म्हणजे पीक, दीर्घ ‘बेळे’ म्हणजे डाळ. ओचंही तसंच: ‘कोडु’ ऱ्हस्व असेल तर ‘दे’, दीर्घ असेल तर ‘शिंग’. नुसतं ऐकवून हे बसत नाही. ‘तुमच्या भाषेत हा फरक नाही, म्हणून इथं कान द्या’ असं मराठीतच सांगावं लागतं.

आणि जिथं दोन्ही भाषा एका साच्यातल्या आहेत तिथं ते सांगायला काय हरकत? ‘बर्तीनि अंत हेळिद’, ‘येतो म्हणून सांगितलं’. तीन शब्दांना तीन शब्द, क्रमही तोच.

कन्नड_वर्ग
लिपीबद्दल पूर्ण सहमत. बाकीच्याला माझा ठाम विरोध आहे.

मराठीचा आधार एकदा दिला की तो सुटत नाही, ही खरी अडचण आहे. शिक्षक धडा वाचतो, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगतो, मुलं वहीत उतरवतात, प्रश्नोत्तरं पाठ करतात. पस्तीस मिनिटांत मुलाच्या तोंडून स्वतःचं एक कन्नड वाक्य निघत नाही. ‘तुलना’ या नावाखाली हेच परत येईल.

या बाबतीत आपल्या राज्यातच मोठं काम झालं आहे. एन. एस. प्रभू यांचा बंगळूर प्रकल्प, १९७९ ते १९८४. दक्षिणेतल्या साध्या शाळांत, भरगच्च वर्गांत, व्याकरणाची यादी बाजूला ठेवून मुलांना कामं दिली: नकाशा वाच, वेळापत्रक बघून गाडी शोध. मन कामात गुंतलं की भाषा मागून येते, हा त्यामागचा विचार. ते इंग्रजीसाठी होतं, पण आपल्याकडे सामान तयार आहे. बसस्टँडवरचे फलक कन्नडमध्येच असतात. एका मुलाच्या कागदावर गावांची नावं आणि सुटण्याच्या वेळा, दुसऱ्याच्या कागदावर फलाट आणि भाडं. एकमेकांचा कागद बघायचा नाही, कन्नडमध्ये विचारून रकाने भरायचे. एष्टु (किती), यावाग (कधी), एल्लि (कुठं): तीन प्रश्नशब्दांत अख्खी तासिका जाते.

हे फसतं ते एकाच कारणानं. शिक्षक आधी सगळ्या वर्गासमोर तसंच एक काम करून दाखवत नाही, थेट कागद वाटतो. मग मुलं मराठीतच बोलून रकाने भरतात.

दहावीचा_पेपर
दोघांचंही पटतं, पण परीक्षा बघा. दहावीला पहिली भाषा १२५ गुणांची, बाकी पाच विषय १०० चे, एकूण ६२५. शंभरातले ८० लेखी. लेखी पेपरात बोलण्याला जागाच नाही, त्यामुळे शिक्षक बोलणं शिकवणार कशाला?

वाट उरते ती २० अंतर्गत गुणांची. त्यातले दहा तोंडीला ठेवावेत. वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी हिशोब: ४५ मुलं, एकेकाला ३ मिनिटं धरली तर १३५ मिनिटं. जोडीनं घेतली तर २१ जोड्या आणि एक तिघांचा गट, प्रत्येकी ४ मिनिटं, म्हणजे ८८ मिनिटं. चाळीस मिनिटांच्या तीन तासिकांत बसतं. गुण देताना उच्चाराला दोनपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर मराठी हेल ऐकून गुण कापले जातात आणि मूल तोंड मिटतं.

खानापूर_पालक
पद्धतीवर एवढा काथ्याकूट चालला आहे, पण मुळात तीन भाषांचं ओझं का? सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य शिक्षण धोरण आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये द्विभाषा सूत्र सुचवलं: कन्नड किंवा मातृभाषा, आणि इंग्रजी. मराठी आणि इंग्रजी नीट येऊ द्या. कन्नड बाजारात, गाडीत, शेजारी शिकता येते. सक्तीनं भाषेबद्दल राग तेवढा वाढतो.

कन्नड_वर्ग
बाजारात बोलणं शिकता येतं, सातबाऱ्याला आपल्याकडे जी पहाणी म्हणतात ती वाचणं नाही शिकता येत. तहसील कार्यालयातला अर्ज, बँकेची नोटीस, शेताचा उतारा, सगळं लिखित कन्नड. ते शाळेनं नाही शिकवलं तर माणूस आयुष्यभर दुसऱ्याकडून वाचून घेतो.

आणि भाषा ऐच्छिक केल्यावर काय होतं ते इंग्लंडनं दाखवलं आहे. २००४ पासून चौदा वर्षांपुढच्या मुलांना परदेशी भाषेची सक्ती राहिली नाही. फ्रेंच, जर्मन घेणारे झपाट्यानं घटले आणि मागोमाग विद्यापीठांतले भाषाविभागही आकसत गेले.

खानापूर_पालक
फ्रेंच ही तिकडच्या मुलाच्या दारातली भाषा नाही. कन्नड आपल्या दारात आहे. ती तुलना मला मान्य नाही. पहाणीचा मुद्दा मात्र मान्य. मग आठवी-नववीच्या पुस्तकात कवितेच्या जोडीला पहाणीचा एक नमुना घाला आणि तो वाचायला शिकवा.

पदवी_मराठी
पदवीलाही हीच ओढाताण आहे. साहित्याचे पेपर कमी करून भाषांतर, कार्यालयीन पत्रव्यवहार असं ‘उपयोगी’ काही आणा, असा रेटा आहे. भाषांतर हवंच. पण जुनं साहित्य काढून ते आलं तर भाषांतर करणाऱ्याच्या हाताखाली काही उरत नाही.

श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी एकच मजकूर दोन्ही भाषांत कोरलेला आहे. मराठीत ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’, कन्नडमध्ये ‘श्रीचामुण्डराजं माडिसिदं’. मराठी क्रियापद करवून घेतलेल्या वस्तूकडे बघतं, म्हणून नपुंसकलिंगी. कन्नड क्रियापद करवून घेणाऱ्या चामुंडरायाकडे बघतं, म्हणून पुल्लिंगी. मूल आजही इथंच अडतं. ‘तिनं आंबा खाल्ला’मध्ये ‘खाल्ला’ आंब्याचा. ‘अवळु मावु तिंदळु’मध्ये ‘तिंदळु’ तिचं. दोन ओळींच्या या शिलालेखावर भाषांतराची अख्खी तासिका उभी राहते, आणि ती साहित्याचीच तासिका आहे.

सीमाभाग_भाषा
हे उदाहरण मी पाचवीतही वापरेन. लिंगाचाच आणखी एक घोळ याच्या शेजारी ठेवता येईल: मराठीत बस स्त्रीलिंगी, म्हणून मूल ‘बस बंदळु’ म्हणतं. कन्नडमध्ये निर्जीव सगळं नपुंसक, ‘बस बंतु’. वर्षभर लाल शाईनं दुरुस्त करण्यापेक्षा मराठीत एक वाक्य सांगून मोकळं व्हावं.

कन्नड_वर्ग, तुमची भीती खरी आहे, म्हणून मर्यादा घालूया: तासाची पहिली पाच मिनिटं मराठीत तुलना, पुढं जोडीनं काम, फक्त कन्नडमध्ये.

कन्नड_वर्ग
पाच मिनिटं चालतील, पण पाचवीपर्यंतच. सहावीपासून समजावणंही कन्नडमध्ये हवं. यावर मी मागं सरकणार नाही.