मदत हवी आहे: फोरममध्ये मॉड बसवणारं टूल मधेच थांबतं, मॉड काढताना तर जास्तच घोळ

कळफलक (धागाकर्ता)

फोरमचं सॉफ्टवेअर पीएचपीबीबी ३.०.१४, पीएचपी ५.६, लिनक्स सर्व्हर. पुढच्या आवृत्तीवर जायचं आहेच, पण तोवर १४ मॉड (फोरमच्या मूळ कोडमध्ये बदल करणारे जोड) सांभाळायचे आहेत. त्यासाठी पीएचपीतच लिहिलेलं एक टूल वापरात आहे. मॉडबरोबर येणारी एक्सएमएल फाइल ते वाचतं आणि त्यातल्या सूचना ओळीने पाळतं: फाइल उघडा, अमुक मजकूर शोधा, त्याच्यानंतर जोडा, आधी जोडा किंवा बदला. ओळीच्या आत शोधून बदलायची सोयही आहे. प्रत्येक सूचना वाचली की स्ट्र-रिप्लेस (मजकूर शोधून बदलणारं पीएचपीचं फंक्शन) चालवायचं आणि फाइल लगेच लिहून टाकायची, एवढीच सध्याची पद्धत.

अडचणी अशा:

१. मजकूर डोळ्यांना फाइलमध्ये दिसतो, टूलला सापडत नाही.
२. ११ सूचनांपैकी ७ होतात, आठवी फसते. तोवरच्या ७ फाइलमध्ये गेलेल्या असतात आणि पान कोरं येतं.
३. मॉड काढताना टूल उलटे बदल करतं. दोन मॉडनी एकाच ओळीला हात लावला असेल तर पहिला मॉड निघत नाही, किंवा निघतो आणि दुसऱ्याचा निम्मा भाग घेऊन जातो.
४. सगळं बरोबर होऊनही कधीकधी बदल दिसतच नाही.

टूल नव्याने लिहायची तयारी आहे. सुरुवात कुठून करावी? '८०–९० टक्के जुळलं तरी चालेल' असा सैल शोध घातला तर पहिली अडचण सुटेल का?

---

अर्धविराम

सैल शोध घालू नका. शोध फसला तर निदान कळतं तरी. चुकीच्या जागी चिकटलेला कोड चालतो, त्रुटी देत नाही, आणि परवानगी तपासणारी अट भलत्याच कंसात जाऊन बसते. जीएनयू पॅच (नोंदवलेले बदल फाइलला लावणारं टूल) सुद्धा आजूबाजूच्या संदर्भाच्या जास्तीत जास्त २ ओळी सोडतं, तेही मुद्दाम वाढवून दिलं नाही तर. आणि त्याच्याकडे ओळ क्रमांक असतात, तुमच्याकडे नाहीत.

मजकूर 'दिसतो पण सापडत नाही' याची कारणं मोजकीच असतात. न सापडलेली ओळ बिन-टू-हेक्स या फंक्शनमधून काढून बघा, ते प्रत्येक बाइट हेक्स आकड्यांत दाखवतं. शेवटी ०डी ०ए असेल तर विंडोज पद्धतीचे ओळशेवट आहेत. फाइलच्या अगदी सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ असेल तर बॉम (एन्कोडिंगची न दिसणारी खूण) आहे. मधेच सी२ ए० दिसलं तर ती साधी स्पेस नव्हे, वेबपानावरून कॉपी केलेली न तुटणारी स्पेस आहे.

यातलं पहिलं कारण सर्वात जास्त छळतं. एक्सएमएल वाचणारा पार्सर नियमानुसार सगळे ओळशेवट एकट्या ०ए मध्ये बदलून देतो. म्हणजे मॉडच्या लेखकाने काहीही लिहिलं असो, तुमच्या हातात येणारा शोधमजकूर नेहमी लिनक्स पद्धतीचाच असतो. डिस्कवरची फाइल कोणी विंडोजच्या संपादकातून जतन केली असेल किंवा एफटीपीच्या अॅस्की मोडने विंडोजवर उतरवून बायनरी मोडने परत चढवलेली असेल, तर अनेक ओळींचा शोध कधीच जुळणार नाही. एका ओळीचे शोध मात्र जुळत राहतात, म्हणून 'काही मॉड बसतात, काही नाही' असं गूढ वाटतं.

असं करा. फाइल ओळींमध्ये फोडा. प्रत्येक ओळीची तुलनेसाठी वेगळी प्रत करा: पुढचे-मागचे टॅब आणि स्पेस काढलेली, ओळशेवट काढलेली, न तुटणारी स्पेस साधी केलेली. शोधमजकुराचंही तेच, शिवाय त्याच्या वरखालच्या रिकाम्या ओळी टाका. जुळणी प्रतींवर, बदल मूळ ओळींवर. लिहिताना फाइलचा स्वतःचा ओळशेवटच वापरा, नाहीतर पुढच्या वेळी डिफमध्ये (दोन प्रतींमधल्या फरकाच्या यादीत) अख्खी फाइल बदललेली दिसेल. ओळीच्या आतल्या स्पेस मात्र एकत्र करू नका. स्ट्रिंगमधल्या दोन स्पेस कधीकधी खरंच दोनच हव्या असतात.

स्ट्र-रिप्लेस सोडा. ते सापडतील तितक्या सगळ्या जागा बदलतं. शोध मागच्या सापडलेल्या जागेच्या पुढून सुरू करा आणि तिथून पुढे किती ठिकाणी जुळतं ते मोजा. एकच जागा निघाली तर पुढे जा. शून्य किंवा जास्त निघाल्या तर थांबून ओळ क्रमांकांसकट सांगा. फक्त बंद कंस आणि अर्धविराम असा 'शोधा' लिहिणारे लेखक असतात, त्यांच्यासाठी वर आणखी एक ओळ जोडून शोध नेमका करावा लागतो, दुसरा इलाज नाही. ओळीच्या आतला शोध आधीच सापडलेल्या ओळींपुरताच ठेवायचा.

प्रेग-रिप्लेस (नमुन्यावरून शोधून बदलणारं फंक्शन) वापरत असाल तर तेही काढा. जोडायच्या मजकुरात डॉलर किंवा उलट्या तिरप्या रेघेपुढे आकडा आला की ते त्याला पकडलेल्या गटाचा संदर्भ समजतं. बीबीकोडच्या (पोस्टमधल्या चौकटी कंसातल्या खुणांच्या) मॉडमध्ये हे हमखास असतं. मजकूर गायब होतो आणि त्रुटी येत नाही.

आणखी एक जागा: सीडेटाच्या (एक्सएमएलमधला, जसाच्या तसा वाचायचा भाग) आत `$यादी[$क्रम[$न]]>$मर्यादा` अशी ओळ आली तर त्यातल्या `]]>` ला सीडेटा संपतो आणि पुढचा भाग साधा मजकूर म्हणून वाचला जातो. मॉडच्या फाइलमध्ये तो तुकडा `]]]]><![CDATA[>` असा तोडून लिहावा लागतो. टूलने करायचं एवढंच, की पार्सरची त्रुटी गिळायची नाही, ओळ क्रमांकासकट दाखवायची.

(मधला तो इंग्रजी शब्द एक्सएमएलचा आहे, चालवून घ्या.)

---

पाचर

दुसऱ्या अडचणीवर. शोधणं आणि लिहिणं हे दोन टप्पे पूर्ण वेगळे करा. पहिल्या टप्प्यात सगळ्या फाइल, सगळ्या सूचना मेमरीतच चालवायच्या, डिस्कला हात नाही. एक जरी फसली तरी उरलेल्या तपासून सगळ्या फसलेल्यांची यादी एकदम द्यायची. नाहीतर माणूस एक दुरुस्त करतो, पुन्हा चालवतो, दुसरी फसते.

मग तयार मजकुराची व्याकरण तपासणी. पीएचपीच्या कमांड लाइनला 'एल' पर्याय देऊन फाइल तपासता येते, पण बऱ्याच सामायिक होस्टिंगवर बाहेरचा प्रोग्राम चालवायला बंदी असते, आणि कमांड लाइनची पीएचपी नि वेबची पीएचपी वेगळ्या आवृत्त्यांच्या असू शकतात. टोकनायझरला (कोडचे सुटे तुकडे, म्हणजे टोकन, करणारा भाग) त्रुटी फेकायला लावणारा पर्याय पीएचपी ७ पासून आहे, तुमच्या ५.६ वर नाही. तिथे टोकन मोजून महिरपी कंस जुळवणं एवढंच हातात राहतं. मोजताना सांभाळा: दुहेरी अवतरणातल्या व्हेरिएबलसाठीचा उघडा कंस वेगळ्या नावाच्या टोकनने येतो आणि बंद मात्र साध्या कंसाने होतो. ते दोन खास टोकन उघड्या कंसात धरले नाहीत तर चांगल्या फाइललाही टूल नापास करेल.

लिहिताना मूळ फाइल उघडून तिच्यावर लिहू नका. त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल करा, पूर्ण लिहा, मग रिनेम. एकाच फाइलसिस्टिमवर रिनेम एका दमात होतं, वाचणाऱ्याला जुनी तरी मिळते नाहीतर नवी, अर्धी कधीच नाही. सिस्टिमच्या टेम्प डिरेक्टरीतून हलवलं आणि ती वेगळ्या फाइलसिस्टिमवर निघाली तर प्रत्यक्षात कॉपी होते नि हा फायदा जातो. टेम्पनॅम फंक्शनने केलेल्या फाइलला ०६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) असते, म्हणून रिनेमच्या आधी मूळ फाइलची परवानगी लावा. मालक मात्र वेबसर्व्हरचा वापरकर्ता होतो, मग एफटीपीच्या खात्यातून ती फाइल बदलता येत नाही. म्हणून खातं वेगळं असेल तिथे लिहिणंही एफटीपीनेच करावं: वेगळ्या नावाने चढवा, मग नाव बदला.

एक फाइल एका दमात बदलली तरी १५ फाइल एकदम बदलत नाहीत. त्यासाठी नोंदवही ठेवा: कोणती फाइल, जुना हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा), नवा हॅश, झालं की नाही. टूल पुन्हा उघडल्यावर अपुरी नोंद दिसली तर पुढे न्यायचं की मागे घ्यायचं ते विचारायचं. तोवर फोरम बंद ठेवा. पीएचपीची वेळमर्यादा मुळात ३० सेकंद असते; लिनक्सवर एफटीपीची वाट बघण्यात गेलेला वेळ तिच्यात धरला जात नाही, पण वेबसर्व्हरची स्वतःची वेळमर्यादा संपू शकते.

चौथ्या अडचणीची दोन-तीन कारणं असतात. साचे (पानांचे टेम्प्लेट) संकलित होऊन कॅशमध्ये जातात, ते रिकामं करा. सीएसएस डेटाबेसमध्ये साठवलेलं असेल तर फाइल बदलून काहीच होत नाही, प्रशासन पॅनेलमधून थीम रिफ्रेश करावी लागते. साचेही डेटाबेसमध्ये असू शकतात, तेही बघून घ्या. तिसरं ऑपकॅश (पीएचपीचा संकलित कोड साठवणारं कॅश): ते मुळात दर २ सेकंदांनी फाइलची वेळ तपासतं, पण ती तपासणीच बंद केलेली असेल तर जुना कोड चालत राहतो. बदललेल्या प्रत्येक फाइलसाठी ऑपकॅश-इनव्हॅलिडेट हे फंक्शन बोलवा. कमांड लाइनवरून बोलावून उपयोग नाही, तिचं कॅश वेगळं. वेबमधूनच बोलवावं लागतं.

---

निरोप्या

मुळात फाइली कापायच्याच कशाला? पीएचपीबीबी ३.१ मध्ये २०१४ साली मूळ फाइलींना हात न लावता इव्हेंटवर चालणारी एक्स्टेन्शन आली ती याच कटकटीपायी. टूल लिहिण्यात वेळ घालवण्याऐवजी स्थलांतर उरका.

---

पाचर

@निरोप्या, मान्य, पण १४ मॉडच्या जोडीची एक्स्टेन्शन असतीलच असं नाही. धागाकर्त्यांनी 'तोवर' लिहिलंय.

---

अर्धविराम

तिसरी अडचण खरी मुळाशी आहे. उलटे बदल करून मॉड काढायची कल्पनाच सोडा. 'बदला' ही सूचना मागचा मजकूर पुसते आणि त्यावर पुढचा मॉड बसला की उलटं शोधायला मूळ काही उरत नाही.

त्याऐवजी ३.०.१४ च्या कोऱ्या फाइलींचा संच बाजूला ठेवा, तो कधीच बदलायचा नाही. बसवलेल्या मॉडची क्रमवार यादी ठेवा. साइटवरची फाइल म्हणजे कोरी फाइल अधिक यादीतले सगळे मॉड, पहिल्यापासून लावलेले. पाचपैकी दुसरा काढायचा तर कोऱ्या फाइलींवर १, ३, ४, ५ पुन्हा लावा. तिसरा दुसऱ्याने घातलेल्या ओळीवर टेकलेला असेल तर मेमरीतल्या पहिल्याच टप्प्यात शोध फसेल आणि टूल सांगेल, 'तिसरा मॉड दुसऱ्यावर अवलंबून आहे'. डिस्कवर काही झालेलं नसेल. आवृत्ती बदलली तर कोरा संच नवा ठेवायचा आणि तीच यादी पुन्हा लावायची.

हाताने केलेले बदल यात उडतील. म्हणून दर वेळी लिहिलेल्या फाइलचा हॅश साठवा. पुढच्या वेळी डिस्कवरचा हॅश वेगळा निघाला तर थांबा, डिफ दाखवा, आणि तो डिफ यादीत 'स्थानिक बदल' नावाचा शेवटचा मॉड म्हणून घ्या.

दोन मॉड एकाच कोलस्पॅनला (तक्त्यातला कप्पा किती रकाने व्यापतो तो आकडा) वाढवतात तेव्हा 'बदला' नव्हे, 'आकडा वाढवा' ही सूचना हवी. सबसिल्व्हर२ या थीमच्या तक्त्यांत हे फार येतं. ५ चा ६ करणारे दोन मॉड असले की दुसरा फसतोच.

---

कळफलक

@अर्धविराम, @पाचर, खूप आभार. शोध आणि लिहिण्याचं कळलं. दोन प्रश्न राहिले. हे 'पुन्हा उभारणं' डेटाबेसला कसं लावायचं? आणि सध्या प्रत्येक फाइलची जुनी प्रत त्याच फोल्डरमध्ये डॉट-बॅक लावून ठेवतो, ती चालेल ना?

---

पाचर

दुसऱ्याचं आधी: नाही, आजच काढा. नावाच्या शेवटी डॉट-बॅक लागलं की सर्व्हर ती फाइल सहसा पीएचपी म्हणून चालवत नाही, साधा मजकूर म्हणून देऊन टाकतो. कॉन्फिगची प्रत अशी पडली असेल तर डेटाबेसचा पासवर्ड कोणीही ब्राउझरमध्ये वाचेल. तशी प्रत होती असं आढळलं तर पासवर्डही बदला. प्रती वेबरूटच्या (वेबवरून दिसणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर ठेवा. एचटीअॅक्सेस फाइलमधल्या बंदीवर विसंबू नका, एनजिनएक्स सर्व्हर ती फाइल वाचतच नाही.

तसंच मॉडची झिप उघडताना आतले पथ तपासा. `../` (म्हणजे वरचं फोल्डर) असलेली किंवा तिरप्या रेघेने सुरू होणारी एकही नोंद दिसली तर अख्खी झिप नाकारा.

डेटाबेसला ती युक्ती लागत नाही, कारण तिथे माहिती साठत जाते, कोरा संच नसतो. ट्रान्झॅक्शनवरही (सगळं एकत्र, नाहीतर काहीच नाही अशी सोय) भरवसा नको: मायएसक्यूएलमध्ये टेबलची रचना बदलणारी आज्ञा आली की आधीचं सगळं आपोआप कमिट होतं, म्हणजे पक्कं होतं, मागे घेता येत नाही. म्हणून क्रम सांभाळायचा. बसवताना आधी डेटाबेस, मग फाइली. नवा कॉलम वाढला तर जुन्या कोडला सहसा त्रास नाही, फक्त त्याला डिफॉल्ट मूल्य द्या. काढताना उलट, आधी फाइली. कॉलम पाडणं ही तिसरी, वेगळी कृती ठेवा, स्वतंत्र बटण आणि स्वतंत्र विचारणा. मॉड तात्पुरता काढून परत बसवणाऱ्याला माहिती परत हवी असते.

प्रत्येक पायरीआधी ती झालेली आहे का ते तपासा: कॉलम आहे का, कॉन्फिगची नोंद आहे का. असेल तर सोडून पुढे. मग मधेच थांबलेलं टूल पुन्हा चालवलं तरी बिघडत नाही.

---

कळफलक

डॉट-बॅक फाइली हलवल्या, पासवर्डही बदलतो. कोरा संच अधिकृत झिपमधूनच घ्यायचा ना, की सर्व्हरवरच्या फाइलींमधून उलटं काढायचा?

---

अर्धविराम

अधिकृत झिपमधूनच. आणि सध्याचे १४ मॉड एकदम यादीत घालू नका. आधी साइटवरच्या फाइली एका बाजूला, कोरा संच अधिक १४ मॉड दुसऱ्या बाजूला, असा डिफ काढा. जो फरक उरेल तो एकतर कोणीतरी हाताने केलेला बदल असेल, नाहीतर जुन्या टूलने अर्धवट सोडलेलं काहीतरी. प्रत्येक फरकाचं काय ते ठरवल्याशिवाय नव्या टूलला डिस्कवर लिहिण्याच्या टप्प्यावर जाऊ देऊ नका. भाषेच्या फाइलींपासून सुरुवात करा, तिथे फरक वाचायला सोपे असतात.