शाळेतलं ताट : तुमचे अनुभव सांगा

बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली शेवटची अकरा सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे जे कळलं ते डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं : सोमवारी खिचडी जास्त लागते. पट तोच, हजेरी उलट थोडी कमी, तरी पातेलं खरवडून निघायचं. शनिवारी घरी गेलेली पोरं सोमवारी परत येईपर्यंत घरात काय शिजलं, ते त्या पातेल्यात दिसायचं. तांदूळ मोजून द्यायचा, पाचवीपर्यंत माणशी 100 ग्रॅम, पुढे आठवीपर्यंत 150. सोमवारी मी हात सैल सोडायचो आणि गुरुवार-शुक्रवारी भरून काढायचो. रजिस्टरमध्ये हे कुठे सापडणार नाही.

शाळेत दुपारचं जेवण द्यायची ही सरकारी योजना चांगली की वाईट यावर भांडण नको, ते पेपरात रोज असतं. पोरांनी काय खाल्लं, काय टाकलं आणि का, तेवढं लिहा. शिकलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी, रांधणाऱ्यांनी, डबा भरणाऱ्यांनी, सगळ्यांनी.

परभणीकडचा, सध्या ठाणे

मी पहिलीत गेलो 1996 साली. योजनेला तेव्हा एकच वर्ष झालं होतं आणि शाळेत काही शिजत नव्हतं. ऐंशी टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ. आम्ही ज्वारी खाणारी माणसं, भात सणावारी. त्यामुळे माझ्या हजेरीवर घरातल्या सगळ्यांचं लक्ष. एकदा फणफणून ताप होता तर आजीने कडेवर घेऊन शाळेत नेलं, "हजर" म्हणवून घेतलं आणि तसंच परत आणलं.

पण तो तांदूळ माझा कधी झालाच नाही. घरात सात तोंडं. कधी अर्धा तांदूळ दुकानात देऊन तेल-मीठ आणलं. आईबापांना दोष देत नाही, दुसरं काय करणार होते. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2001 मध्ये सांगितलं की धान्य नको, शिजवलेलं द्या, किमान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं. कारण मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तोवर मी सहावीत पोचलो होतो आणि खिचडी पाचवीपर्यंतच्यांनाच. धाकटा भाऊ ताटली घेऊन रांगेत, मी कुंपणाजवळ. तो डब्याच्या झाकणात दोन घास घेऊन यायचा. गार झालेले, वर हळदीचं पिवळं तेल. आजही गार खिचडीच आवडते, बायको हसते.

खिचडीवाल्या बाईंची मुलगी, यवतमाळ

माझी आई शाळेत स्वयंपाक करते. गावात तिला नाव नाही, "खिचडीवाली" हेच नाव. मानधन हजारावर सुरू झालं, पुढे पंधराशे, 2023 मध्ये अडीच हजार झालं, तेही वर्षातले दहा महिने. पावसाळ्यात लाकूड ओलं, फुंकणीने फुंकून डोळे लाल. गॅस आला, पण सिलिंडर वेळेवर येईल तर खरं.

सांगायचं ते वेगळंच आहे. कागदावर लहान मुलामागे 50 ग्रॅम भाजी. 45 पोरं म्हणजे सव्वादोन किलो. भाजी पातेल्यात पडते, पण पोटात जाते का? पोरं टमाट्याची फोड उचलून ताटाच्या कडेला लावतात, दुधी तर बाकाखाली. आईने एक दिवस शाळेच्या भिंतीमागे ढीग पाहिला आणि घरी येऊन जेवलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून दुधी किसून घालायला लागली, गाजर किसून, पालक डाळीत घोटून. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून, चुरून, फोडणीत. पोरांना कळलंच नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "भाजी कुठंय?" दिसत नाही म्हणून शेरा मारून गेले! तेव्हापासून साहेब येणार असले की आई चार फोडी वर ठेवते.

मटकीला मोड आणायचं काम ती आमच्या घरी करते. शाळेत भिजत घातली तर उंदीर.

मुख्याध्यापिका, अहिल्यानगर जिल्हा

वरचं वाचून साहेबांच्या वतीने लाज वाटली. मीही एकदा असा प्रश्न विचारलेला आहे.

आमच्याकडे चव नोंदवही असते. पोरांच्या आधी शिक्षकाने आणि एका पालकाने खायचं, सही करायची. बऱ्याच शाळांत सही आधी होते आणि खिचडी नंतर शिजते, खोटं कशाला बोलू. पण जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात दुपारच्या जेवणातून विषबाधा होऊन 23 मुलं गेली. तेलात कीटकनाशक होतं, मोनोक्रोटोफॉस. आमच्या गावात "मोनो"चे रिकामे डबे तेव्हा घरोघरी असायचे. कुणी त्यात रॉकेल ठेवी, कुणी बी. बातमी वाचली त्या दिवशी कोठीतला प्रत्येक डबा मी हुंगून पाहिला. तेव्हापासून माझा घास आधी, मग अर्धा तास थांबायचं. पोरं घंटेकडे बघत बसतात.

अंड्यांचं थोडक्यात. 2023 च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. अंड्याच्या दिवशी शिवारातून पोरं गोळा करून आणावी लागत नव्हती. माळकरी घरातला एक चौथीतला मुलगा केळं घ्यायचा आणि शेजाऱ्याशी बदलून टाकायचा. मला दिसायचं. मी फळ्याकडे तोंड करायचे. जानेवारी 2025 मध्ये निधी थांबला, हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. गावाने दोन महिने दिली. मग कांद्याचा भाव पडला.

आरोग्य सेविका, पालघर

जेवणाबरोबर गोळीचंही लिहिते. सहावीपासून पुढच्यांना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी असते. पहिल्या वर्षी मुलींनी ती उपाशीपोटी घेतली, मळमळलं, दोघींना उलट्या. वर शौचाला काळं होतं, त्यामुळे पाड्यावर बोभाटा : "पोरींना काहीतरी देतात, पुढे मूल होणार नाही." दोन महिने डबे तसेच पडून. मग मीच वर्गात सगळ्यांसमोर जेवणानंतर गोळी घेऊ लागले, आणि काळं का होतं ते मुलींना न लाजता सांगितलं. मुख्य बदल केला तो शाळेतल्या बाईंनी : त्या दिवशी खिचडीवर लिंबू पिळायचं आणि लगेच चहा नाही. लिंबाने लोह अंगी लागतं, चहा ते अडवतो. आमच्याकडे तान्हं पोरही बशीत कोरा चहा पितं. लिंबू जमलं, चहा अजून सुटलेला नाही.

आई, पुणे

आमचं दुसरं टोक. मुलाच्या शाळेत पोळी-भाजीच्या डब्याला "गावठी" म्हणतात. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचं विकायचं नाही, असा 2020 चा नियम आहे. आमचा वेफर्सवाला बहुतेक एक्कावन्नाव्या मीटरवर बसतो. मुलाचं वजन वाढतंय आणि रक्त कमी, दोन्ही एकदम. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला खोटं वाटलं. कुपोषण म्हणजे फक्त हडकुळी पोरं, हे माझ्या डोक्यातलं चित्र.

तोक्यो

माझी मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत आहे. दुपारचं जेवण वर्गातच, त्याला क्यूशोकू म्हणतात. त्याचा कायदा 1954 चा. महिन्याचा मेनू आधी घरी येतो. पांढरे ॲप्रन, टोप्या घालून मुलंच वाढतात, शिक्षक त्यांच्याबरोबर तेच खातात. आणि हो, इथेही मुख्याध्यापक आधी चव घेतात! आम्ही मासे खात नाही, पण सूप, रस्सा, सगळ्यात माशाचा अर्क. म्हणून ती डबा नेते आणि मेनू पाहून मी त्याच रंगाचं करते : त्यांची करी त्या दिवशी आमची आमटी. वाढायच्या पाळीला मात्र ती स्वतः खात नाही तेही सगळं नीट वाढते. घरी ताट स्वतः उचलायला लागली, ते माझ्याकडून आलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळातला एक

आमच्या वेळी सुकडी होती, म्हणजे पिठाचा गोड खाऊ. खिशात भरून न्यायची, खिसा चिकट व्हायचा, मुंग्या लागायच्या. बाकी काही आठवत नाही.

धागा काढणारा

यवतमाळच्या ताई, एक विचारायचं होतं. शेवग्याचा पाला किती घालतात? आमच्या इथे कडू झाला म्हणून पोरांनी ओळखला होता.

खिचडीवाल्या बाईंची मुलगी, यवतमाळ

आईला विचारलं. 45 पोरांमागे दोन मुठी, कोवळाच घ्यायचा, देठ काढून. आणि जिरं-लसूण आधी करपायच्या बेताला आणायचं, मग कडवटपणा त्याचा वाटतो. गुरुजी, तुम्ही सोमवारी तांदूळ सैल मोजत होता ते तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आमच्या गुरुजींना सांग.