मदत हवी आहे : गॅरेजचं बिल ८३,८००, मंजूर फक्त ४९,६५०

वैतागवाडी
गाडी डिव्हायडरला धडकली. फर्स्ट पार्टी विमा (स्वतःच्या गाडीचंही नुकसान भरून देणारा) आहे, कागद सगळे दिलेत. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) ३४ हजार उडवले. गॅरेजवाला म्हणतो, उरलेले भरा आणि गाडी न्या. कंपनीवर केस टाकता येते का? परवापर्यंत गाडी हलवायची आहे.

इंजिनतेल
गाडी किती जुनी? झिरो डेप (घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, न लावणारं कव्हर) आहे का? कशात किती कापले? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार! सर्व्हेअरच्या रिपोर्टची प्रत ईमेलवर मागा, ती तुम्हाला मिळायलाच हवी. आणि ‘फुल अँड फायनल’ (एवढ्यावर क्लेम मिटला) वर सही केलीत का?

खडूस_काका
केसबीस सोडा. समोरच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून (दुसऱ्याचं नुकसान भरणाऱ्या) वसूल करा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालमत्तेच्या नुकसानीचीही भरपाई मागता येते.

इंजिनतेल
काका, समोर डिव्हायडर होता.

वैतागवाडी
झिरो डेप नाही. ३ वर्षं २ महिने, ११९७ सीसी. सही केलेली नाही. सर्व्हेअरची हिशोबाची शीट मिळाली: बंपर ९,२०० आणि हेडलॅम्प १४,६००, दोन्हींवर ५०% कपात. बॉनेट-फेंडर मिळून १५,०००, त्यावर ३५% कपात. पुढची काच ९,००० आणि लेबर १२,००० पूर्ण मंजूर. पेंटिंग १६,०००, त्यावर ५०% कपात. एसी कंडेन्सर ८,०००, ‘जुनं नुकसान’ म्हणून शून्य मंजूर. वर १,००० वेगळे कापलेत, ते कसले?

पत्रा_आणि_पुट्टी
हे आधीच टाकायचं होतं. ते १,००० कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची ठरलेली रक्कम. १५०० सीसीपर्यंत तेवढे जातातच, भांडू नका. प्लास्टिकवर ५०% बरोबर. काचेवर घसारा नसतोच.

चूक पुढे आहे. धातूच्या भागांना ३ ते ४ वर्षांसाठी २५%. ३५% चा टप्पा ४ वर्षांनंतरचा. आरसीवरची तारीख दाखवा, १,५०० परत. पेंटिंगमध्ये ५०% घसारा फक्त मटेरियलवर. बिल एकत्र असेल तर एकूण रकमेच्या २५% मटेरियल धरतात, म्हणजे ४,००० चे निम्मे, २,००० कापायचे. त्यांनी ८,००० कापलेत.

खडूस_काका
एवढ्यासाठी भांडण्यापेक्षा पुढच्या वेळी झिरो डेप घ्या. शिवाय क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्यास हप्त्यात मिळणारी सूट) जातो, तो हिशोब केलात का?

पत्रा_आणि_पुट्टी
क्लेम होऊन गेलाय काका. कंडेन्सरचं बोला. जुना भाग गॅरेजला भंगारात टाकू देऊ नका, री-इन्स्पेक्शन (फेरतपासणी) लेखी मागा. जाळी जिथे दबलीय तिथला फोटो जवळून काढा. ताजा मार असेल तर दुमडलेलं ॲल्युमिनियम चकचकीत दिसतं. तेलकट डागावर धूळ बसून काळी पापुद्री झाली असेल तर गळती आधीची. मग सर्व्हेअर बरोबर आहे. मान्य झाला तर २५% वजा जाऊन ६,००० मिळतील. एकूण फरक १३,५००, चौतीस हजार नव्हे.

इंजिनतेल
आता क्रम. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, वरचे तीन मुद्दे आकड्यांसह. सोबत विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ तक्रार पोर्टलवर नोंद. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी): फी नाही, वकील नाही, पण कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत.

कलम_बहाद्दर
लोकपाल कशाला? थेट ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं, मानसिक त्रासाचेही मागता येतात.

इंजिनतेल
१३,५०० साठी तारखा कोण मोजत बसणार? आणि आयोगात प्रकरण चालू असताना त्याच वादावर लोकपाल हात लावत नाही. एकच दार निवडावं लागतं.

टायरवेडा
टायरची हवा किती ठेवता? डिव्हायडरला लागल्यावर अलाइनमेंट बघाच.

वैतागवाडी
ईमेल पाठवला. कंडेन्सरवर काळं काही नाही, पण गॅरेजवाला तो धुऊन ठेवलाय म्हणतो. आता?

पत्रा_आणि_पुट्टी
धुण्याआधीचे फोटो सर्व्हेअरकडे असतात, पहिल्या तपासणीचे. तेच मागा. आणि गाडी नेताना फरक भरलात तर पावतीवर ‘हरकत राखून’ लिहून घ्या.