मदत हवी आहे: 'खरा संबंध याहून मोठाच असणार' असं प्रबंधात लिहू का?

नमस्कार मंडळी,

मिठाचं सेवन आणि रक्तदाब यावर प्रबंध लिहितेय. माहिती आधीच गोळा झालेली आहे. काल दिवसभरात काय खाल्लं हे एकदाच विचारून मीठ काढलंय, रक्तदाब एकाच भेटीत घेतलाय. संबंध दिसतो, पण क्षीण.

मार्गदर्शक म्हणतात, मोजमापातली चूक रँडम आहे, म्हणजे कुठल्याही एका बाजूला झुकलेली नाही. अशी चूक संबंध फिका करते, म्हणजे खरा संबंध दिसतोय त्याहून मोठाच. तसं लिहून टाक. हिशेब मला मान्य आहे. मोजलेल्या सेवनातला निम्मा फरक रोजच्या चढउताराचाच असेल, तर १.५ ची सापेक्ष जोखीम (म्हणजे जास्त मीठ खाणाऱ्यांना दीडपट धोका) १.२२ च्या आसपास दिसते. माणसं दहापट घेतली तरी ती तिथेच राहणार, फक्त जास्त ठाम दिसेल.

पण चूक रँडम आहे हेच मला पटत नाही. जास्त वजनाची माणसं खाणं कमी सांगतात, आणि रक्तदाबही बहुधा त्यांचाच जास्त असतो. शिवाय रक्तदाब आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मीठ कमी करा असं बजावलेलं असतं. ते खरंच कमी खातात की कमी सांगतात, कसं ओळखायचं?

रक्तदाबाचे आकडेही नीट पाहिले. १२०, १३०, १४० यांचीच गर्दी. निम्म्याहून जास्त आकडे शून्यावर संपतात. यंत्रावर दोन-दोनच्या खुणा, म्हणजे पाचातला एखादाच शून्यावर यायला हवा. १३८ चे १४० झाले की माणूस थेट उच्च रक्तदाबाच्या गटात जातो! म्हणून गट न पाडता आकडे आहेत तसेच वापरायचं ठरवलंय.

काही जणांना खाणं दुसऱ्यांदाही विचारलंय. त्यावरून रिग्रेशन कॅलिब्रेशन (दोन वेळच्या उत्तरांतल्या फरकावरून फिका पडलेला संबंध दुरुस्त करणं) करता येईल, पण नेहमीच कमी सांगणारा दुसऱ्यांदाही कमीच सांगणार ना? खाल्लेलं मीठ जिच्यातून मोजता येतं ती २४ तासांची लघवी घेतलेली नाही, त्यामुळे पडताळायला दुसरं काही नाही.

एकच वाट सुचते. १९५० मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध तपासणाऱ्या डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी, फुप्फुसाचा कर्करोग समजून मुलाखत घेतलेले पण निदान नंतर वेगळं निघालेले रुग्ण बाजूला काढून पाहिले होते. त्यांचं धूम्रपान कर्करोग नसलेल्या रुग्णांसारखंच निघालं, म्हणजे कर्करोग आहे या समजुतीने उत्तरं बदलली नव्हती. तसं मी, ज्यांचा वाढलेला रक्तदाब याच भेटीत पहिल्यांदा कळला त्यांना, आधीपासून ठाऊक असलेल्यांशी ताडून पाहू का? औषधं चालू असणाऱ्यांचं मग काय करायचं? कुणी असं विश्लेषण केलं असेल तर कृपया सांगा, मार्गदर्शकांपुढे ठेवायला ठोस काहीतरी हवंय.