मातीच्या टाकीतलं गढूळ पाणी
माशांच्या काचेच्या टाकीत झाडांसाठी तळाला माती घातल्यापासून पाणी आठवडाभर गढूळच आहे, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं दोष मातीचा नाही, पाणी ओतण्याचा आहे. खत न मिसळलेली माती चाळून फक्त २ ते ३ सेंमी पसरा, वर तेवढ्याच जाडीचा बारीक खडीचा थर. मग खडीवर बशी ठेवून तिच्यावर अगदी बारीक धार सोडा. पाणी बशीच्या काठावरून पसरतं, खडीत खड्डा पडत नाही. आणि पाण्यातली झाडं पहिल्याच दिवशी भरपूर लावा, हे फार महत्त्वाचं! वॅलिसनेरिया, हायग्रोफिला अशी झपाट्यानं वाढणारी. नवी माती सुरुवातीला माशांना विषारी असा अमोनिया सोडते, तो हीच झाडं शोषून घेतात. मासे मात्र अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तसंच घातक नायट्राइट दोन्ही पाण्याच्या चाचणीत शून्य आल्यावरच सोडा. पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणारा मासा बघवत नाही हो.