आप्पांच्या हृदयपंपाला ‘कातडीवरचा जंतू’: खरंच सोडून द्यायचा?

तासगावची सून:
सासरे (आम्ही आप्पा म्हणतो) ६४ वर्षांचे. घरची द्राक्षबाग, दोन म्हशी. दीड वर्षापूर्वी चेन्नईला हृदयात पंप बसवला, एलव्हॅड. पोटातून वायर बाहेर, कमरेला कंट्रोलर नि बॅटऱ्या. पंप अखंड फिरतो म्हणून हाताला नाडी लागत नाही. गावच्या कंपाउंडरची पहिल्यांदा पाचावर धारण बसली होती.

आता तीन आठवडे झाले, दिवेलागणीला कसर येते. वायरीच्या तोंडाशी थोडं लाल आहे, पू नाही. ड्रेसिंग मीच करते. इथे आधी अँटिबायोटिक सुरू केलं आणि पाचव्या दिवशी ब्लड कल्चर (रक्त बाटल्यांत ठेवून जंतू उगवतो का ते पाहायची तपासणी) काढलं. काहीच उगवलं नाही. कोर्स संपला, ताप परत आला, पुन्हा कल्चर केलं. रिपोर्ट: ‘डिफ्थेरॉइड्स, त्वचेवरील जंतू, बहुधा भेसळ.’ डॉक्टर म्हणतात, सोडा. शेजारच्या मामी म्हणतात, राजापुरी हळद लाव. सांगली जिल्ह्यात राहून हळदीला नाही म्हणणं म्हणजे पापच, पण लावलेली नाही. काय करू?

मिरजेचा लॅबवाला:
नाही लावलीत ते उत्तम. ताई, एरवी डिफ्थेरॉइड म्हणजे सुईबरोबर कातडीवरून आलेला फुकटा प्रवासी, आम्हीही तसंच लिहितो. पण अंगात पंप असला की हिशेब वेगळा. हे जंतू वायरीवर चिकट थर धरून बसतात, तिथं औषध नीट पोचत नाही. गोळ्या आहेत तोवर गप्प, थांबल्या की ताप हजर. कोरिनेबॅक्टेरियम स्ट्रायाटम त्यातलाच, आणि बऱ्याच औषधांना दाद देत नाही. लॅबला फोन करून एवढंच विचारा: किती बाटल्यांत उगवला? एकाच बाटलीत असेल तर भेसळ म्हणू. दोन्ही हातांच्या बाटल्यांत तोच असेल तर जंतूचं पूर्ण नाव आणि लागू पडणारी औषधं लेखी घ्या. म्हशी आहेत म्हणता, आप्पा धारोष्ण दूध पितात का? कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला हा जंतू सावकाश उगवतो, शिवाय लॅबच्या माणसांनाही लागू शकतो. आधी सांगून ठेवा.

कराडकर काकू:
आमच्या ह्यांनाही पंप आहे. मांजर वायरीशी खेळायचं, ते पहिलं बंद केलं; त्याच्या तोंडातला पाश्चुरेला नावाचा जंतू अशा पंपांपर्यंत पोचलेला आहे म्हणे डॉक्टर. वायरीला हिसका बसला की भोकाशी कातडी सुटते आणि जंतूला वाट मिळते. आप्पा ट्रॅक्टरवर बसले नाहीत ना? नवं अँटिबायोटिक सुरू झालं तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) लवकर तपासा, रक्त पातळ करायच्या गोळीशी त्याचं जमत नाही. चेन्नईला आजच कळवा.

तासगावची सून:
दोन्ही हातांच्या बाटल्यांत तोच निघाला! चेन्नईने रिपोर्ट मागवून घेतला, सोमवारी सीटीसाठी बोलावलंय. दूध उकळूनच घेतात. ट्रॅक्टरचं विचारलं तर आप्पा म्हणाले, “एकदाच.” सासूबाई आतून म्हणाल्या, “तीनदा.”