शब्दचर्चा : ईशनिंदा, हेटाळणी की सलगी? खेरार्ट रेव्हे मराठीत कसा सांगावा

मूळ प्रश्न

डच कादंबरीकार खेरार्ट रेव्हे (१९२३–२००६) याच्यावर मराठीत लेख लिहायला घेतला आहे आणि काही शब्दांपाशी अडलो आहे. जाणकारांनी मदत करावी.

ज्यांना हा लेखक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲम्स्टरडॅममधल्या कम्युनिस्ट घरात तो वाढला. १९४७ साली त्याची 'दे आवोंदन' म्हणजे 'संध्याकाळी' ही कादंबरी आली. १९४६ च्या डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस, फ्रित्स नावाचा तरुण कारकून, आईवडिलांसोबतच्या रेंगाळणाऱ्या संध्याकाळी, एवढाच तिचा ऐवज. हॅरी मुलिश आणि डब्ल्यू. एफ. हर्मान्स यांच्यासोबत युद्धोत्तर डच साहित्यातल्या 'थोर तिघां'त त्याची गणना होते. १९६३ आणि १९६६ मध्ये त्याची पत्ररूपातली दोन पुस्तकं आली, 'शेवटाकडे जाताना' आणि 'नादर तॉट यू'. त्यांत तो स्वतःचं समलिंगी असणं, दारू, मृत्यूची भीती आणि देव या सगळ्यांबद्दल एकाच दमात, काहीही न लपवता बोलतो. १९६६ मध्येच त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तो रोमन कॅथलिक झाला. आणि त्याच वर्षी त्याच्यावर ईशनिंदेचा खटला उभा राहिला.

खटल्याचं कारण एक गाढव. आधी एका नियतकालिकात त्याने लिहिलं होतं की देव पुन्हा देह धारण करून आला तर तो गाढव होऊन येईल : जेमतेम दोन-चार अक्षरं बोलता येणारा, कोणाला न कळलेला, मार खाणारा. मला मात्र तो कळेल, आणि मी त्याला जवळ घेऊन निजेन. पुढे पुस्तकात तो प्रसंगच येतो. दारावरची घंटा वाजते, बाहेर उंदरी रंगाचं वर्षाचं गाढव उभं. ते म्हणतं, खेरार्ट, तुझं ते पुस्तक, काही ठिकाणी मला रडू आलं. लेखक 'माझ्या प्रभू, माझ्या देवा' म्हणतो, त्याला वर खोलीत नेतो, आणि शय्यासुखानंतर पुस्तकाची प्रत भेट देतो. तिच्यावर लिहिलेलं असतं : 'अनंतास, शब्दांविना'.

माझे प्रश्न : डच कायद्यातल्या गुन्ह्याचं नाव 'स्मालेंद' ईशनिंदा असं आहे, त्या 'स्मालेंद'ला काय म्हणावं? त्या काळी तिथे समलिंगी माणसाला 'होमोफील' म्हणत, त्याचं काय करावं? आणि 'नादर तॉट यू' या शीर्षकातला 'यू' हा आदरार्थी आहे. मग 'तुझ्याजवळ' की 'आपल्याजवळ'?

प्रतिसाद

कायद्याच्या बाजूने सांगतो. नेदरलँड्सच्या दंडसंहितेत कलम १४७ मध्ये ही तरतूद १९३२ साली आली, कम्युनिस्ट वृत्तपत्रातल्या धर्मविरोधी लिखाणामुळे. म्हणजे जो कायदा कम्युनिस्टांसाठी केला, त्यात कम्युनिझम सोडून चर्चमध्ये आलेला माणूस सापडला. एका काटेकोर कॅल्व्हिनपंथी (प्रोटेस्टंट) पक्षाच्या खासदाराने संसदेत विषय काढला आणि सरकारी वकील कामाला लागले.

या कायद्यात नुसती ईशनिंदा पुरत नव्हती. ती 'स्मालेंद' असावी लागे आणि धार्मिक भावना दुखावणारी असावी लागे. सगळा खटला या एका विशेषणावर चालला. ॲम्स्टरडॅमच्या न्यायालयाने म्हटलं की लिखाण ईशनिंदक आहे, पण 'स्मालेंद' नाही, म्हणून शिक्षा नाही. एवढ्याने रेव्हेचं समाधान झालं नाही. आपण देवाची निंदा केली हा ठपकाच त्याला मान्य नव्हता. अपिलात तो स्वतः उभा राहून स्वतःची बाजू मांडता झाला आणि सुटला. २ एप्रिल १९६८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. ते कलमच पुढे २०१४ मध्ये रद्द झालं.

आता मराठी शब्द. 'टवाळी' फार हलका, कट्ट्यावरचा. 'विटंबना' आपण मूर्तीची, पुतळ्याची, प्रेताची म्हणतो, तिथे काहीतरी कृती लागते. 'कुचेष्टा' व्यंगावर बोट ठेवते. 'उपहास' बरा, पण उपहास बरोबरीच्याचाही होतो. 'हेटाळणी'त मात्र वरून खाली पाहणं आहे, समोरच्याला लहान करणं आहे. न्यायालयाने नेमकं तेच तपासलं : हा माणूस देवाकडे वरून पाहतो आहे का? माझं मत 'हेटाळणीयुक्त ईशनिंदा'. जरा अवजड आहे, पण कायद्याची भाषा अवजड असायला हरकत नाही. आपल्याकडच्या जुन्या दंडसंहितेतल्या २९५-अ कलमाचा (२०२४ पासून भारतीय न्याय संहितेतलं कलम २९९) शब्द इथे उचलू नका. तिथे भर आहे तो दुष्ट हेतूवर, इथे भर आहे तो सुरावर.

प्रतिसाद

'हेटाळणी'ला अनुमोदन. पण मग लेखकाने जे केलं त्याला काय म्हणायचं? वकील म्हणतो हेटाळणी नाही. ठीक. मग आहे काय?

मराठीत त्याला शब्द आहे, आणि तो फार जुना आहे : सलगी. जनाबाई विठोबाला 'अरे विठ्या' म्हणते, 'कारट्या' म्हणते, आणि त्यात कोणाला निंदा दिसत नाही. नामदेव भांडतो. तुकाराम देवाला दिवाळखोर ठरवायलाही मागेपुढे पाहत नाही. ज्याच्याशी घरोबा आहे त्यालाच असं बोलता येतं. गाढवाचंही आपल्याला नवल नको. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. रामेश्वर इथेच पावला, असं नाथ म्हणाले. देव मार खाणाऱ्या, तहानलेल्या जनावराच्या रूपात येतो हे रेव्हेचं म्हणणं पैठणला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि शय्येचं म्हणाल तर ज्ञानेश्वरांच्या विराण्या वाचा. त्यात देवासाठी देह तळमळतो, चंदनाची चोळी अंग पोळते. त्यामुळे रेव्हेसाठी 'मधुराभक्ती', म्हणजे देवाला प्रियकर मानून केलेली भक्ती, हाच शब्द मला योग्य वाटतो.

प्रतिसाद

सलगी पटली, मधुराभक्ती नाही. कारण सांगतो.

विराणीत ज्ञानेश्वर बाई होऊन बोलतात. गौळणीत पुरुष कवी गौळण होतो. देवावर देहाने प्रेम करायची मुभा आपल्या परंपरेने पुरुषाला दिली ती स्त्रीचा आवाज घेतला तरच. रेव्हे बाई होत नाही. तो पुरुषच राहतो, देवही 'तो'च राहतो, आणि प्रेम तसंच होतं. त्याच्या वाचकांना धक्का बसला तो इथे, गाढवापेक्षा इथेच जास्त, असं मला वाटतं. 'मधुराभक्ती' म्हटलं की मराठी वाचक आपोआप राधा-कृष्णाच्या चौकटीत जाईल आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट निसटेल. सरळ लिहा : 'पुरुषाने पुरुष राहूनच देवावर केलेलं प्रेम'. लांब असू द्या. नाव नसलेल्या गोष्टीला घाईने जुनं नाव देऊ नये.

दुसरं म्हणजे 'होमोफील'. हा शब्द वैद्यकातला नाही, चळवळीतला आहे. ॲम्स्टरडॅममध्ये १९४६ साली सीओसी ही संघटना सुरू झाली. तिच्या लोकांना वाटे की नावातच संभोग असलेला शब्द समाजापुढे नेला तर दारं बंद होतील, म्हणून प्रेमावर भर देणारा शब्द त्यांनी पुढे केला. ज्या नियतकालिकात रेव्हेचा तो मजकूर आला, त्याच्या नावाखालीसुद्धा हाच शब्द होता. पुढच्या पिढीला तो भिडस्त वाटला आणि त्यांनी टाकून दिला. मराठीत त्याच्या सगळ्यात जवळ 'समलिंगप्रेमी'. पुण्यात 'समपथिक' या नावाची संस्था निघाली. तो शब्द मला फार आवडतो, त्यातला 'पथ' सोबतीचा आहे. पण तो आपल्या चळवळीचा शब्द आहे, १९६५ च्या ॲम्स्टरडॅमच्या तोंडी घालू नये.

माझी विनंती अशी की संघटनेबद्दल, त्या काळाबद्दल लिहिताना 'समलिंगप्रेमी' वापरा. रेव्हेबद्दल लिहिताना 'समलिंगी' पुरे. 'समलैंगिक' टाळा. व्याकरणाने तो चुकीचा नाही, पण वर्तमानपत्रांनी तो इतकी वर्षं गुन्ह्याच्या बातम्यांत वापरला आहे की तो वाचताना आजही मला पोलीस चौकीचा वास येतो. मी स्वतः समलिंगी आहे, देवळात जातो, आणि हे दोन्ही एका वाक्यात लिहिणारा लेखक मराठीत यावा अशी मनापासून इच्छा आहे. म्हणून एवढं लांबलं.

आणखी एक. रेव्हेच्या लिखाणात 'यॉंगन' सारखा येतो. शब्दकोश 'मुलगा' देईल. ते वापरू नका. डचमध्ये वयात आलेल्या तरुणालाही सहज तसं म्हणतात, मराठीत 'मुलगा' म्हटलं की वय खाली जातं आणि अर्थ भलताच होतो. 'तरुण' लिहा. त्याच्या पुस्तकांत तो ज्याची जवळजवळ पूजा करतो तो 'दयामाया नसलेला यॉंगन' आहे, त्याला 'निष्ठुर तरुण' म्हणता येईल. 'निष्ठुर' हा शब्द आपण देवालाही लावतो आणि प्रियकरालाही, इथे दोन्ही हवेत.

प्रतिसाद

मी वसईची, कॅथलिक घरातली. वरच्या चर्चेत वारकरी संत भरपूर आले, त्याचा आनंदच आहे, पण रेव्हेला पूर्ण वारकरी करून टाकू नका. तो शेवटी मरियाभक्त होता. त्याच्या लिखाणात देवाच्या बरोबरीने, कधी जास्तच, पवित्र मरीया येते. 'आई आणि मुलगा' या १९८० च्या पुस्तकात तो चर्चकडे कसा वळला ते सांगतो, तिथे शीर्षकापासूनच ती आहे. धर्माची शिकवण शब्दशः खरी असते असं त्याने मानलं नाही. त्याच्यासाठी ती प्रतीकं होती, पण प्रतीकं म्हणून खरी. त्यामुळे 'श्रद्धाळू' हा शब्द त्याला बसत नाही. 'धार्मिक'ही नाही. आमच्याकडे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणाऱ्यांना 'भाविक' म्हणतात. तो मला जवळचा वाटतो, कारण भाविकाला सगळं पटलेलं असावं लागत नाही. तो येतो, गुडघे टेकतो.

ज्या चर्चच्या लेखी त्याचं प्रेम पाप होतं त्याच चर्चमध्ये तो आपण होऊन गेला. 'समलिंगी असूनही भाविक' असं कृपया लिहू नका. 'असूनही' हा शब्द त्याच्या एकाही पानाला मान्य होणार नाही. 'समलिंगी आणि भाविक' लिहा.

'यू'बद्दल : 'तुझ्याजवळ'. शंकाच नको. आमच्या प्रभूच्या प्रार्थनेत 'तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो' असंच आहे. मराठीत देवाला 'आपण' म्हणणारा माणूस एकतर भाषण करतो आहे किंवा अर्ज.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. 'हेटाळणीयुक्त ईशनिंदा', 'सलगी', 'समलिंगप्रेमी' (फक्त त्या काळासाठी), 'निष्ठुर तरुण', 'भाविक' हे सगळे घेतो. 'असूनही' माझ्या मसुद्यात दोन ठिकाणी होतं, दोन्ही काढलं.

'तू'चंही मान्य, पण त्यात एक नुकसान आहे ते नोंदवून ठेवतो. गाढवाच्या प्रसंगात देव लेखकाला एकेरीत बोलतो आणि लेखक देवाला आदरार्थी. देव सलगीने आला आहे आणि माणूस अजून उभ्यानेच हात जोडून आहे, हे तिथे नुसत्या सर्वनामांतून कळतं. मराठीत दोघंही 'तू'वर आले की ते अंतर पुसलं जातं. तिथे मी आदर क्रियापदात न ठेवता संबोधनात ठेवणार आहे : देव नुसतं 'खेरार्ट' म्हणेल, लेखक प्रत्येक वेळी 'प्रभो' म्हणेल.

'आपण' मात्र आणखी एका कारणाने बाद होतं. 'नादर तॉट यू'मध्ये एक कविता आहे, फ्रीसलंडमधल्या ब्लाउहाउस गावातल्या एका थडग्यावर. एक पोर पळालं, सुटलं नाही, गोळी लागून मेलं, वय अठरा. थडग्यावरचा लेख मोठमोठ्याने काहीबाही गर्जतो, पण तपकिरी मुलामा दिलेल्या फोटोतून एक खिन्न, गप्प चेहरा पाहतो. मग कवी देवाकडे वळतो. सुरुवात जुन्या, पोथीतल्या डचमध्ये, 'राजा असलेल्या तू' अशा थाटात, आणि तिथून तो धाडकन स्वयंपाकघरातल्या बोलीवर येतो. शेवटची ओळ डच माणसं आजही येताजाता म्हणतात. तिथे 'आपलं ते राज्य' लिहिलं तर ते राज्य देवाचं की आपल्या सगळ्यांचं हेच कळेनासं होतं. 'तुझं' लिहिलं की 'तुझे राज्य येवो' पाठ असलेल्या वाचकाला ती प्रार्थना लगेच ऐकू येते, आणि कवीला तेच हवं आहे.

त्याच ओळीतल्या 'वेट यू वेल' या तीन शब्दांवर मी बराच अडलो होतो. 'माहीत आहे ना' फार तपासल्यासारखं, 'कळलं ना' दटावल्यासारखं. 'बरं का' योग्य वाटतं, कारण ते आपण वडीलधाऱ्यांनाही म्हणू शकतो आणि त्यात उर्मटपणा येत नाही. तूर्त असं केलं आहे :

हे प्रभो, राजा तू, अमुक तू, तमुक तू, काय काय नाहीस तू,
हे असं का, ते तुलाच ठाऊक, मला नाही.
ते तुझं राज्य, बरं का, त्याचं काही होणार आहे का?

'त्याचं काही होणार आहे का' की 'येणार आहे का ते कधी'? दुसऱ्यात प्रार्थनेतलं 'येवो' जास्त वाजतं, पहिल्यात निराशा जास्त आहे. माझा कल पहिल्याकडे आहे. वसईच्या ताईंनी यावर जरूर सांगावं.

प्रतिसाद

पहिलंच ठेवा. 'येवो' वाचकाच्या मनात आधीच आहे, ते पुन्हा लिहायची गरज नाही. आणि दुसऱ्या ओळीतलं 'हे असं का' काढून 'का ते तुलाच ठाऊक' एवढंच ठेवून पाहा. मयताच्या घरी माणसं तसंच बोलतात.